विकलेल्या मोटारीचे कागद

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घराच्या माळ्यावर ओल आली, म्हणून तेथील ट्रंका खालीं काढाव्या लागल्या. त्यांतील एकींत वडिलांनीं दोरीनें बांधून ठेविलेली एक फाईल सांपडली. वरती त्यांच्या घोटीव अक्षरांत ‘मोटार’ एवढा एकच शब्द होता. इतिहास शिकविण्याचा धंदा पत्करलेल्या माणसाला बांधलेलें दप्तर दिसलें कीं तें सोडल्यावांचून चैन पडत नाहीं. मग तें पेशव्यांचें असो कीं स्वतःच्या वडिलांचें.

आंत कागद फार नव्हते. १९७१ सालीं आगाऊ रक्कम भरल्याची पावती. आपला क्रमांक अद्यापि यावयाचा आहे, अशा अर्थाचीं विक्रेत्याकडून वर्षा-दीड वर्षानें आलेलीं पत्रें. १९७९ सालीं गाडी ताब्यांत घेतल्याचें चलन. आणि सर्वांत वर, २००३ सालीं ती विकली त्या वेळीं काढून ठेविलेली नोंदणी-पुस्तकाची छायाप्रत. ही शेवटची मींच त्यांत सारली असली पाहिजे, कारण वडील त्यापूर्वीं एक वर्ष वारले होते. पावतीवर गाडीचें नांव ‘फियाट ११०० डिलाइट’ असें आहे; चलनावर ‘प्रीमियर पद्मिनी’ असें आहे. वडिलांनीं एक गाडी मागितली आणि आठ वर्षांनीं त्यांस दुसऱ्याच नांवाची मिळाली. गाडी मात्र, किरकोळ फरक सोडल्यास, तीच होती. इटलीच्या कंपनीशीं असलेला करार संपल्यावर कुर्ल्याच्या कारखान्यानें तिला प्रथम ‘प्रेसिडेंट’ व पुढें १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ हें चितोडच्या राणीचें नांव दिलें. बारसें झालें, पण मूल पूर्वीचेंच.

घरची मोटार विकणें ही तशी खासगी बाब. तिच्याबद्दल मासिकांत लिहावें असें त्यांत काय आहे, असें कोणी म्हणेल. परंतु हे कागद ओळीनें लावून वाचीत असतां माझ्या ध्यानांत आलें कीं, जुन्या मोटारीला काय किंमत येते हें त्या मोटारीवर फारच थोडें अवलंबून असतें. एकाच गाडीला तिच्या पहिल्या महिन्यांत दिलेल्या पैशांहून अधिक पैसे देणारा माणूस आमच्या दारीं आला होता, आणि चोवीस वर्षांनीं तिच्यासाठीं मिळालेल्या रकमेंत त्या वेळीं नवी स्कूटरही आली नसती. गाडी जुनी झाली, हें कारण उघड आहे. पण तें पुरेसें नाहीं.

आरंभीं अशी स्थिति नव्हती. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस परदेशांतून आणलेले सुटे भाग जुळवून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढिला. त्या काळीं मोटार घेण्यास एकच अडचण असे, ती म्हणजे पैशांची. ज्याच्यापाशीं पैसे असत त्यास मोटार मिळे, व तो ती दोन-चार वर्षांनीं काढून टाकी तेव्हां तिची किंमत उतरलेली असे. पुढें सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. त्याच्या आधीं दोन वर्षें बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स निघाली होती. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या उद्योग-नियमनाच्या कायद्यानें कारखान्यानें काय काढावें व किती काढावें यावर सरकारी परवान्याचें बंधन आलें. १९५३ सालीं सरकारनें असें ठरविलें कीं, जो कारखाना क्रमाक्रमानें संपूर्ण मोटार येथेंच बनविण्यास बांधून घेईल त्यानेंच येथें राहावें. केवळ सुटे भाग जुळविणारानें गाशा गुंडाळावा. परदेशी कंपन्या निघून गेल्या. मागें राहिले मुख्यतः तीन घरचे धनी: कलकत्त्याकडील अँबॅसडर, मुंबईची फियाट व मद्रासची स्टँडर्ड.

या धोरणास आज नांवें ठेवणें फार सोपें झालें आहे, आणि ठेवणारे बहुधा त्या धोरणानें उभारलेल्या कारखान्यांवरच वाढलेले असतात. देशांत परकीय चलनाचा ठणठणाट होता. १९५६-५७ च्या संकटानें तर तो सर्वांस कळून चुकला. अशा वेळीं चार सुखवस्तु कुटुंबांच्या मोटारीसाठीं डॉलर उधळावे काय, या प्रश्नाला मी त्या वेळीं मंत्री असतों तर मींही ‘नाहीं’ असेंच उत्तर दिलें असतें. परंतु उत्पादन परवान्यानें बांधलें आणि मागणी मात्र मोकळी राहिली, कीं रांग लागणारच. १९५९ सालीं नव्या मोटारींच्या वांटपावर व विक्रीवर नियंत्रण घालणारा हुकूम निघाला. नवी गाडी घेतल्यावर ठराविक मुदतीच्या आंत ती विकावयाची तर सरकारी परवानगीची अट आली. १९६९ मध्यें किंमतीही हुकुमानें बांधण्यांत आल्या, व मोटारीची न्याय्य किंमत कोणती हा वाद कारखानदारांनीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९७१ सालीं त्याचा निकाल लागला. त्याच वर्षीं माझ्या वडिलांनीं पावती फाडली. त्यांस त्या निकालाची गंधवार्ता असेलसें वाटत नाहीं.

तिन्ही गाड्यांत फियाटची रांग सर्वांत लांब असे. ती आटोपशीर होती, पेट्रोल बेताचें पिई, आणि शहरांतील गल्लींतून सुखानें वळे. तिच्या पंचावन सालाच्या आसपासच्या वाटोळ्या नाकाच्या अवताराला आपल्या लोकांनीं ‘डुक्कर फियाट’ असें नांव दिलें होतें. पण त्यांत तिरस्कारापेक्षां लाडच अधिक होता. आपण ज्या वस्तूला घरांतलें मानतों तिलाच असलीं नांवें देतों.

आतां मौजेची गोष्ट अशी कीं, नेमक्या याच काळांत जुन्या मोटारींच्या बाजारावर एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें एक लहानसा निबंध लिहिला. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ हें त्याचें नांव. तीन नियतकालिकांनीं तो निबंध परत पाठविल्यावर चौथ्यानें १९७० सालीं छापिला. पुढें २००१ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें तें मुख्यतः या निबंधानें सुरू केलेल्या विचाराबद्दल. अमेरिकेंत खराब निघालेल्या मोटारीस ‘लिंबू’ म्हणतात. (आपल्याकडे लिंबूं गाडीला दृष्ट लागूं नये म्हणून टांगतात, हा योगायोग मला नेहमींच गमतीचा वाटत आला आहे.) अ‍ॅकरलॉफ यांचें म्हणणें थोडक्यांत असें: गाडी कशी आहे हें विकणारास ठाऊक असतें, घेणारास नसतें. म्हणून घेणारा सरसकट सर्वच जुन्या गाड्या वाईट धरून भाव पाडतो. त्या भावांत चांगली गाडी विकणें मालकास परवडत नाहीं, तो ती घरींच ठेवितो; आणि बाजारांत खरोखरच लिंबें उरतात. नवी मोटार दुकानाबाहेर काढली कीं त्याच क्षणीं तिची किंमत कां उतरते, याचें कारण हें. घेतली ती लगेच कां विकतो आहे, असा संशय येतो.

हा निबंध लिहून झाल्यावर व तो छापून येण्यापूर्वीं, १९६७-६८ हें वर्ष अ‍ॅकरलॉफ यांनीं दिल्ली येथील भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेंत काढिलें. त्यांच्या खिडकीबाहेरून ज्या फियाट जात असतील त्यांनीं त्यांचा सिद्धांत शीर्षासन करून दाखविला असता. कारण येथें नवी मोटार दुकानाबाहेर पडली कीं तिची किंमत उतरत नसे, चढत असे. घेणारा संशयानें विचारीतच नसे कीं ही लगेच कां विकतां. उत्तर त्यास ठाऊक असे: पैशांसाठीं. तो मोटार विकत घेत नव्हता. दुसऱ्यानें रांगेंत काढलेलीं आठ वर्षें विकत घेत होता. स्कूटरचीही तीच कथा.

तथापि सर्वस्वीं शीर्षासन झालें होतें असेंही नाहीं. चार-सहा वर्षें वापरलेली गाडी घेणाराला लिंबाची भीति येथेंही होतीच, आणि आमच्या समाजानें तिच्यावर आपल्या परीनें तोड काढिली होती. मुंबई-पुण्याकडील वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘पारशी मालकाची’ एवढे दोन शब्द हजार-दोन हजारांचें काम करीत. पारशी गृहस्थ मोटार स्वतः पुसतो, तेल वेळेवर बदलतो आणि उगाच पळवीत नाहीं, अशी त्या जातीची ख्याति होती. पुष्कळ अंशीं ती खरीही होती. त्या खालोखाल डॉक्टरांची गाडी, आणि मग ‘एकहाती’, म्हणजे दुसऱ्या मालकाच्या हातीं न गेलेली. गाडीची परीक्षा करतां येत नाहीं तर माणसाची करावी, हा तो न्याय. लग्नें जमवितांना आपण जें करीत होतों तेंच मोटारी घेतांना केलें.

आमची गाडी एकहाती होती, पण वडील पारशी नव्हते कीं डॉक्टरही नव्हते. ते सरकारी खात्यांत इंजिनियर होते. १९७९ च्या पावसाळ्यानंतर गाडी आली. मी तेव्हां अकरा वर्षांचा होतों. रंग फिकट निळा. तिची पूजा झाली, तिच्या चाकांखालीं लिंबें चिरडलीं, आणि पुरता महिना लोटतो न लोटतो तोंच एका रविवारीं सकाळीं एक दलाल येऊन दिवाणखान्यांत बसला. किती पैसे भरले हें त्यास ठाऊक होतें. त्यावर आणखी कांहीं हजार, आणि तेही रोख. “नांव बदलण्याची घाई नाहीं, साहेब. तुम्हीं कोऱ्या अर्जांवर सह्या करून ठेवा, पुढचें मी बघतों.”

आम्हीं तेव्हां एका वाड्यांत भाड्यानें दोन खोल्यांत राहत होतों. सोसायटींतील घरासाठीं नांव घातलें होतें व पहिला मोठा हप्ता तोंडावर आला होता. दलाल गेल्यावर आई म्हणाली, “देऊन टाकावी. घराचं भागेल. मोटार काय, आज आहे उद्यां नाहीं.” तिचा हिशेब बिनचूक होता. वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “आठ वर्षं थांबलों तें विकायला नव्हे.” हप्ता भरला गेला नाहीं. ज्या घराच्या माळ्यावर ही फाईल सांपडली तें घर सहा वर्षें उशिरानें, अधिक किंमतीला मिळालें. आईनें हा विषय पुन्हां काढला नाहीं, आणि तिनें तो काढला नाहीं हेंच वडिलांना शेवटपर्यंत बोचत राहिलें असावें.

वडील चुकले असें मी वर्षानुवर्षें मानीत आलों. व्यवहाराच्या दृष्टीनें ते चुकलेच. परंतु रांगेंत उभ्या राहिलेल्या माणसाला शेवटीं मिळालेली वस्तु ही केवळ वस्तु राहत नाहीं, हें त्या काळांत न वाढलेल्यांस समजावून देणें कठीण आहे. याच संदर्भांत लालबहादुर शास्त्री यांच्या फियाटची आठवण होते. पंतप्रधान असतांना त्यांनीं घरच्यांच्या आग्रहावरून गाडी घेतली. किंमत बारा हजार. पदरीं सात हजार. उरलेल्या पांच हजारांसाठीं त्यांनीं पंजाब नॅशनल बँकेचें कर्ज काढिलें. जानेवारी १९६६ मध्यें ताश्कंद येथें त्यांचा अंत झाला तेव्हां कर्ज फिटलेलें नव्हतें. त्या वेळीं गाडी विकून कर्जांतून मोकळें होणें सहज शक्य होतें. फियाटला गिऱ्हाईक शोधावें लागत नव्हतें. ललिताबाईंनीं तसें केलें नाहीं. आपल्या निवृत्तिवेतनांतून त्यांनीं कर्ज फेडलें. ती गाडी आज दिल्लीच्या शास्त्री-स्मारकांत उभी आहे.

रांग मोडली ती हळूहळू. सरकार व जपानची सुझुकी कंपनी यांच्या भागीदारींतून निघालेली मारुति ८०० ही १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या मालकाच्या हातीं आली. तिच्यासाठीं लाखाच्या वर लोकांनीं आगाऊ पैसे भरले होते, म्हणजे आरंभीं रांग नाहींशी झाली नाहीं, नुसती जागा बदलली. पण आमची पद्मिनी त्या दिवसापासून ‘जुन्या वळणाची’ ठरली. १९९३ सालीं मोटारींच्या उत्पादनावरील परवान्याचें बंधन गेलें. मग कोरियन आल्या, अमेरिकन पुन्हां आल्या, १९९८ च्या अखेरीस पुण्याजवळच घडलेली टाटांची इंडिका आली. बँका तर घरीं येऊन कर्ज देऊं लागल्या. आठ वर्षें थांबण्याचें कारण उरलें नाहीं, आणि ज्याच्यासाठीं कोणी थांबत नाहीं त्याचा भाव कोण देणार? कुर्ल्याचा कारखानाही शतकाच्या अखेरीस संपल्यांत जमा झाला. आतां अ‍ॅकरलॉफ यांचा सिद्धांत आपल्याकडे पायांवर उभा राहिला. दुकानाबाहेर निघालेली गाडी त्याच क्षणीं स्वस्त होऊं लागली, आणि जुनी गाडी घेणारा बॉनेट उघडून संशयानें आंत डोकावूं लागला.

२००२ मध्यें वडील गेले. गाडी वर्षभर पावसांत-उन्हांत उभी राहिली. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षें चालते, नंतर तपासणी करून ती पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते. आमची मुदत २००४ मध्यें संपणार होती. पत्रा खालून कुजला होता. विकावयाची असें ठरलें. तेव्हां कळलें कीं, मृताच्या नांवची गाडी परस्पर विकतां येत नाहीं. आधीं ती वारसाच्या नांवें चढवावी लागते. आम्हां भावंडांनीं आईचें नांव लावावें असें ठरविलें. आईस गाडी चालवितां येत नव्हती. पुढच्या बाकावर बसून ‘हळू, हळू’ म्हणण्यापलीकडे तिचा त्या यंत्राशीं संबंध आला नव्हता. “ह्यांची गाडी माझ्या नांवावर कशाला?” असें ती म्हणाली, पण संगमाजवळच्या कचेरींत येऊन तिनें सह्या केल्या.

दोन गिऱ्हाइकें आलीं. पहिला जुन्या गाड्यांचा व्यापारी. त्यानें गाडीकडे फारसें पाहिलेंही नाहीं, भाव मात्र बरा सांगितला, आणि खिशांतून अर्ज काढून म्हणाला, “कोऱ्यावर सह्या करा, काकू. नांव पुढं ज्याच्या हातीं जाईल त्याच्यावर चढेल.” दुसरे आमचे नेहमींचे मिस्त्री. वीस वर्षें तिचें इंजिन त्यांनींच उघडलें होतें. त्यांनीं सांगितलेला भाव निम्म्याहून थोडा वर होता.

मी व्यापाऱ्याच्या बाजूचा होतों, हें कबूल करितों. आईनें मिस्त्रींना विचारलें, “तुम्ही चालवणार का हो ती?”

“खोटं कशाला बोलूं, काकू,” ते म्हणाले. “पत्रा गेलाय. चार-सहा महिने वापरीन, मग मोडीन. इंजिन, गिअरबॉक्स दुसऱ्यांच्या गाड्यांना लागतील. पण आधीं नांव माझ्यावर करून घेईन.”

आईनें गाडी मिस्त्रींना दिली. व्यापाऱ्याला ती एवढेंच म्हणाली, “कोऱ्या कागदावर सही ह्यांनींही केली नव्हती.” म्हणजे तो १९७९ चा रविवार तिच्या स्मरणांतून तसूभरही हलला नव्हता; आणि चोवीस वर्षांपूर्वीं ज्याच्या विरुद्ध ती उभी राहिली होती त्याचाच दाखला ती देत होती. मला त्या वेळीं हा भाबडेपणा वाटला.

तो तसा नव्हता, हें पुढें कायदा चाळतांना समजलें. अ‍ॅकरलॉफ यांनीं घेणाराच्या अज्ञानाचा विचार केला. विकणाराच्या अज्ञानाचा विचार आपल्या मोटार कायद्यानें केला आहे. आपण विकलेली गाडी कोणाच्या हातीं जाणार हें विकणारास ठाऊक नसतें. १९८८ च्या कायद्याप्रमाणें विकणारानें चौदा दिवसांच्या आंत व घेणारानें तीस दिवसांच्या आंत नोंदणी-कचेरीस कळवावयाचें असतें. तें न झाल्यास कागदावर मालक जुनाच राहतो. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असेंच एक प्रकरण आलें: २००७ मध्यें विकलेली गाडी तीन-चार हात फिरली, पण नांव कोणीच बदललें नाहीं, २००९ मध्यें तिचा अपघात झाला, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी ज्यानें ती दोन वर्षांपूर्वीं विकली होती त्याच्यावर आली. पैसे मोजून घेतले म्हणजे विक्री झाली, असें आपण समजतों. कायद्याच्या लेखीं, नांव पुसलें जाईपर्यंत ती झालेली नसते.

मिस्त्रींनीं शब्द पाळला. आठवड्याच्या आंत त्यांनीं अर्ज दिला आणि नोंदणी-पुस्तकाची छायाप्रत स्वतः घरीं आणून पोंचविली. गाडी त्यांच्या गॅरेजच्या मागच्या बाजूस दिवाळीपर्यंत उभी दिसे. पुढें दिसेनाशी झाली. मी तिकडून जाणें टाळीत होतों, त्यामुळें नेमकी केव्हां, तें सांगतां येणार नाहीं. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी मात्र आणखी वीस वर्षें टिकल्या. त्यांतील शेवटची, जी योगायोगानें २००३ सालींच नोंदली गेली होती, ती वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली. वर्तमानपत्रांत तिचें छायाचित्र आलें तें मीं आईस दाखविलें. तिनें चष्मा लावून बराच वेळ पाहिलें व म्हणाली, “आपली निळी होती.”

ती छायाप्रत आतां माझ्या समोर आहे. सातबाराच्या उताऱ्यासारखीं त्यावर एकाखालीं एक मालकांचीं नांवें आहेत. पहिलें वडिलांचें, त्यापुढें १९७९ मधील तारीख. तिसरें मिस्त्रींचें. मधल्या ओळींत आईचें नांव आहे, शाई थोडी पसरलेली. तिच्या नांवापुढील तारीख व मिस्त्रींच्या नांवापुढील तारीख यांत एकेचाळीस दिवसांचें अंतर आहे.